पेटीतली किल्ली

संगणकाच्या पडद्यावर कधी कधी एक वाक्य उमटते : ‘रिकव्हरी डिस्क तयार करता आली नाही.’ खाली ‘ठीक आहे’ असा एक चौकोन असतो. माणूस तो चौकोन दाबतो, चहा प्यायला उठतो आणि ते वाक्य विसरून जातो. त्यात त्याचा फारसा दोष नाही. काम तर बिनबोभाट चाललेले असते. हिशेब उघडतात, छायाचित्रे दिसतात, पत्रे जातात-येतात. जो आजार अजून झालाच नाही त्याच्या औषधाची बाटली फुटली, म्हणून कोण जिवाला घोर लावून घेईल? परंतु या डिस्कचा आणि तिच्या भावंडांचा इतिहास मी जसजसा वाचीत गेलो, तसतसे मला वाटू लागले की, हे वाक्य म्हणजे यंत्राने आपल्यावर केलेला उपकार आहे. ज्यांचे यंत्र असे बोलले त्यांना सावध होण्याची संधी तरी मिळाली. खरे फसले ते, ज्यांचे यंत्र गप्प राहिले. त्या गप्प राहिलेल्या यंत्रांची हकीकत या दिवाळीत वाचकांना सांगावी असा माझा बेत आहे.

तत्पूर्वी दोन शब्दांची फोड करावयास हवी. जाणत्यांनी क्षमा करावी. बॅकअप म्हणजे नक्कल. आपल्या कागदांची, छायाचित्रांची, हिशेबांची दुसरी प्रत काढून वेगळ्या जागी ठेवणे. ही कल्पना संगणकाहून फार जुनी आहे. दस्त दोन प्रतींत करणाऱ्या कारकुनालाही ती ठाऊक होती. रिकव्हरी डिस्क ही वस्तू मात्र निराळी. नक्कल पुन्हा जागेवर आणावयाची तर ते काम करणारा कोणी तरी हवा. तो कोण? संगणकातलाच एक प्रोग्राम. आणि तो प्रोग्राम चालतो कशावर? संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर. आता ती सिस्टीमच आजारी पडली, तर नक्कल शेजारच्या कपाटात सुखरूप असूनही तिचा उपयोग नाही. ट्रंकेची किल्ली ट्रंकेतच ठेवून कुलूप घालावे, तशातला हा प्रकार. रिकव्हरी डिस्क ही त्या ट्रंकेची बाहेर ठेवलेली किल्ली होय. तिच्यात संगणकाला जागे करण्यापुरती एक लहानशी, स्वतंत्र सिस्टीम असते. आजारी यंत्र तिच्या खांद्यावर हात टाकून उठते, आणि मग नक्कल जागेवर आणता येते.

ही किल्ली प्रथम घडली ती कशी, ते पाहण्यासारखे आहे. संगणकाची चालू स्मृती वीज गेली की पुसली जाते. म्हणजे दर सकाळी या महापंडिताला मुळाक्षरांपासून शिकवावे लागते! १९७० च्या सुमारास अमेरिकेतील आयबीएम कंपनीने ‘सिस्टीम/३७०’ या नावाचे मोठे संगणक बाजारात आणले. त्यांतल्या काहींचा अगदी मूलभूत नियंत्रण-प्रोग्राम अशाच पुसल्या जाणाऱ्या स्मृतीत राहत असे. तो दर वेळी कोठून तरी भरावयास हवा. शिवाय त्यात सुधारणा झाली की, ती गावोगावच्या गिऱ्हाइकांना स्वस्तात पोचवावयास हवी. कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथे १९६७ पासून या प्रश्नावर काम चालले होते. त्यातून १९७१ मध्ये आठ इंच व्यासाची, पातळ, लवचीक अशी एक तबकडी बाहेर पडली. तिच्यात सुमारे ८० किलोबाइट एवढाच मजकूर मावे. आज आपण भ्रमणध्वनीवर काढतो त्या एका छायाचित्रालाही ती जागा पुरणार नाही. हीच ती फ्लॉपी. पुढे लोकांनी तिच्यावर पत्रे लिहिली, खेळ ठेवले, हिशेब मांडले. पण तिचा जन्म झाला तो झोपलेल्या यंत्राला उठविण्यासाठी. बाकीचे सारे व्याप नंतरचे.

त्या काळच्या संगणक-कचेऱ्यांत नकलांचे शास्त्र चांगले मुरलेले होते. मी मुंबईत एका कचेरीच्या संगणक-विभागात उमेदवारी केली, तेव्हा तेथे चुंबकीय फितींची तीन पिढ्यांची रीत पाळली जात असे. आजची फीत म्हणजे मुलगा, आदल्या खेपेची बाप आणि त्याच्याही आधीची आजा. नवा नातू जन्माला आला म्हणजे मगच पणजोबाला पुसावयाचे. ही नावे आमच्या विनोदाची नव्हेत; जगभर ही रीत आजा-बाप-मुलगा याच नावाने ओळखली जाते. आमचे वरिष्ठ महिन्यातून एकदा कपाटातली कोणतीही एक फीत काढीत आणि म्हणत, “ही चढवा, वाचून दाखवा.” तरुणपणी आम्हांला तो निव्वळ जाच वाटे. मुंबईच्या पावसाळ्यात फितींवर बुरशी धरते, हे एकदा डोळ्यांनी पाहिले तेव्हा त्या जाचाचा अर्थ उमगला. कपाटात फीत असणे निराळे, आणि फितीवर मजकूर असणे निराळे!

१९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक आला आणि हे शास्त्र घरोघर, दुकानोदुकानी जाऊन पोचले. शास्त्र पोचले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. यंत्र पोचले, शास्त्र मागे राहिले. कचेरीत नकलांसाठी पगारी माणूस होता. घरी कोण? म्हणून ही जबाबदारी हळूहळू प्रोग्रामांकडे गेली. १९९५ च्या विंडोजने बसवतानाच विचारावयास सुरुवात केली : एक स्टार्ट-अप डिस्क करून ठेवू का? साडेतीन इंची, १.४४ मेगाबाइटची एक कोरी फ्लॉपी आत सरकवली की, दोन-चार मिनिटांत किल्ली तयार. पुष्कळांनी ती केली. पुष्कळांनी ‘नंतर पाहू’ म्हटले. ‘नंतर पाहू’ या दोन शब्दांनी जगात जितके नुकसान केले असेल, तितके आगीने आणि पुराने मिळून केले की नाही याची मला शंका आहे.

पुढे मौज अशी झाली की, कुलपे बदलत गेली आणि किल्लीचा साचा मात्र जुनाच राहिला. १९९८ मध्ये ॲपल कंपनीने आपला आयमॅक संगणक फ्लॉपीच्या खाचेवाचून विकावयास काढला. हळूहळू इतरांनीही तीच वाट धरली. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आले. त्याच्या व्यावसायिक आवृत्तीत सगळी सिस्टीम पूर्ववत करण्याची एक भारदस्त योजना होती. नक्कल कोठेही ठेवा, पण पूर्ववत करताना सोबत एक फ्लॉपी हवीच, असा तिचा हट्ट होता. ज्या यंत्राला फ्लॉपीची खाचच नाही त्याने काय करावे? नक्कल गिगाबाइटांनी मोजण्याइतकी मोठी, सुरक्षित, आणि अडले कशापाशी, तर एका फ्लॉपीपाशी. पुढे हा हट्ट सुटला, आणि २००९ च्या विंडोज ७ मध्ये किल्ली सीडी-डीव्हीडीवर करता येऊ लागली. तोवर नव्या, सडपातळ संगणकांतून डीव्हीडीची खाचही जाऊ लागली होती! २०१२ च्या विंडोज ८ पासून पेन ड्राइव्हवर किल्ली करण्याची सोय झाली, ती आजतागायत चालू आहे.

म्हणजे आता प्रश्न मिटला म्हणावयाचे? तसे नाही. आज रिकव्हरी डिस्क होत नाही याची कारणे निराळी आहेत. ती मला समजली एका तालुक्याच्या गावच्या जुन्या वाचनालयात.

त्या वाचनालयाची सारी ग्रंथसूची आणि वर्गणीदारांचा हिशेब एकाच संगणकावर होता. तेथील ग्रंथपाल बाई मोठ्या कामसू. एकदा मी पुस्तक बदलावयास गेलो असता त्या म्हणाल्या, “काका, तुम्ही या यंत्रांत जन्म घालवलात. जरा बघा ना, हा रोज एकच रडगाणे गातो. रिकव्हरी डिस्क होत नाही म्हणतो. मी रोज ‘ठीक आहे’ म्हणते.”

“किती दिवस म्हणताय, बाई?”

“गणेशोत्सवापासून.”

तेव्हा संक्रांत उलटून गेली होती.

आम्ही क्रमाने पाहू लागलो. पहिली शंका पेन ड्राइव्हची. सिस्टीमच्या फायलींसह किल्ली करावयाची तर तो निदान १६ गिगाबाइटचा हवा; त्यांचा ८ चा होता. मोठा आणला. हेही सांगून ठेवतो की, किल्ली करताना पेन ड्राइव्हवरचे आधीचे सारे पुसले जाते. म्हणून नातवाच्या बारशाची छायाचित्रे असलेला पेन ड्राइव्ह कोणी या कामी देऊ नये. मोठ्या पेन ड्राइव्हनेही वाक्य हटेना. दुसरी शंका पेन ड्राइव्हच सदोष असल्याची. दुसरा लावून पाहिला. वाक्य जसेच्या तसे. मग विंडोजलाच विचारले की, बाबा, तुझा स्वतःचा दुरुस्ती-विभाग जागेवर आहे काय? तसे विचारण्याची एक आज्ञा असते. उत्तर आले : बंद.

येथे सारी गोम होती. किल्ली घडविणारा प्रोग्राम किल्ली स्वतः घडवीत नाही. विंडोजने डिस्कच्या एका लहान कोपऱ्यात दुरुस्तीची एक छोटी सिस्टीम लपवून ठेवलेली असते. तिचीच तो नक्कल उतरवितो. बॅकअपची कितीतरी प्रोग्रामेही आपली किल्ली याच साच्यातून काढतात. साचा हरवला तर किल्ली कशातून काढणार? वाचनालयाचा संगणक मंद झाला होता, म्हणून कोणा कारागिराने जुनी डिस्क काढून नवी, वेगवान डिस्क बसविली होती. त्याने मुख्य भाग नव्या डिस्कवर उतरविला. कोपऱ्यातला लहान भाग जुन्यावरच राहिला. संगणक झपाट्याने चालू लागला, कारागीर पैसे घेऊन गेला, आणि सगळे खूश झाले. सुदैवाने जुनी डिस्क एका लिफाफ्यात कपाटात होती. तिच्यावरची ती दुरुस्तीची फाइल नव्या डिस्कवर आणली, विंडोजला तिचा पत्ता सांगितला, विभाग चालू केला. आणि किल्ली तयार झाली.

बाई म्हणाल्या, “सुटले बाई!” मी म्हटले, “किल्ली झाली, आता कुलूप उघडून पाहू.” पेन ड्राइव्ह लावून संगणक त्यावरून सुरू केला आणि बाहेरच्या डिस्कवर नकला आहेत का ते पाहिले. नकला होत्या. सर्वांत ताजी नक्कल आठ महिन्यांपूर्वीची होती! बाहेरची डिस्क भरून गेली होती. नक्कल करणारा प्रोग्राम रोज रात्री प्रयत्न करी, जागा नाही असे पाहून मागे फिरे आणि आपल्या नोंदवहीत तशी नोंद करी. ती नोंदवही कोणी उघडीत नव्हते. रिकव्हरी डिस्कचे ते कटकटे वाक्य नसते, तर ही दुसरी, खरी घातक गोष्ट उघडकीस आली नसती. बाईंनी त्याच दिवशी नवी डिस्क मागविली. पुढच्या आठवड्यात आम्ही नव्या नकलेतून एका वर्गणीदाराची नोंद परत आणून वाचून पाहिली, तेव्हा मला आमच्या जुन्या वरिष्ठांची आठवण झाली.

एका गावच्या वाचनालयात असे घडावे यात नवल नाही. पण जे जगातले निष्णात, त्यांच्याकडे काय स्थिती होती? १९९८ साली कॅलिफोर्नियातील पिक्सार या चित्रसंस्थेत ‘टॉय स्टोरी २’ या बोलपटाचे काम चालले होते. हा चित्रपट सर्वस्वी संगणकावर चितारला जात होता. एके दिवशी कोणाच्या तरी हातून फायली पुसण्याची एक आज्ञा नको त्या जागी दिली गेली. ओरेन जेकब नावाचे तंत्रज्ञ पडद्यावर पाहत होते. त्यांच्या देखत नायकाची टोपी नाहीशी झाली, मग बूट, मग तो स्वतःच. धावपळ करून यंत्र बंद करीपर्यंत चित्रपटाचा बहुतेक भाग गेला होता. मंडळी फारशी घाबरली नाहीत, कारण फितींवर नकला होत्या. फिती चढविल्या, तेव्हा कळले की, सुमारे महिनाभर नकला नीट होतच नव्हत्या. त्या मंडळींनी पुढे सांगितले त्याप्रमाणे, नकलेची जागा भरून गेली होती. आणि जागा भरल्याची तक्रार ज्या फाइलीत लिहावयाची, ती फाइलही त्याच भरलेल्या जागेत होती. तक्रार लिहावयासही जागा उरली नव्हती! ती फाइल कोरी राहिली, आणि कोरी तक्रारवही पाहून सगळे निर्धास्त राहिले.

तो चित्रपट वाचला तो एका बाळंतपणामुळे. गॅलिन सुसमन या तेथील तंत्रदिग्दर्शिका बाळ लहान असल्याने घरून काम करीत. त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची एक प्रत अधूनमधून उतरविली जाई. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून, मोटारीत बसवून, अंड्यांची टोपली न्यावी तसा जपून कचेरीत आणला गेला. त्यातल्या फायली लोकांनी एकेक तपासून घेतल्या, आणि काम पुढे चालू झाले. पुढे त्या चित्रपटाची कथाच बहुतांशी नव्याने रचली गेली, आणि तो १९९९ च्या नोव्हेंबरात पडद्यावर आला. ज्या नकलेने तो वाचला ती कोणत्याही योजनेतली नव्हती. एका आईच्या सोयीसाठी ती केलेली होती, आणि रोजच्या वापरात होती. वापरात होती म्हणूनच ती खरी होती.

याला एकोणीस वर्षे लोटली. २०१७ च्या जानेवारीची ३१ तारीख. गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे काम सांभाळणारी कंपनी. त्यांच्या माहितीसाठ्याची दोन यंत्रे होती. एक मुख्य, एक दुय्यम. रात्री उशिरा, दिवसभराच्या झगड्याने थकलेल्या एका अभियंत्याने दुय्यम यंत्रावरचा साठा पुसावयास घेतला. एक-दोन सेकंदांतच त्याच्या ध्यानात आले की, आपण मुख्य यंत्रावर आहो. त्याने हात आखडला, पण सुमारे ३०० गिगाबाइटपैकी ४.५ गिगाबाइट तेवढे शिल्लक राहिले होते. आता नकला पाहू लागले. संरक्षणाच्या पाच वाटा कागदावर होत्या. त्यांतील एकही नीट चालत नव्हती. रोजची नक्कल काढणारे साधन जुन्या आवृत्तीचे होते आणि साठा नव्या आवृत्तीचा. त्यामुळे नक्कल काढताना ते दर वेळी मुकाट्याने थांबे. नकला जेथे जमावयाच्या ती दूरची कोठी रिकामी होती. अपयशाची पत्रे मात्र यंत्र इमानाने पाठवी. परंतु त्या पत्रांवर टपालव्यवस्थेला पटेल अशी ओळखीची खूण नसल्याने ती वाटेतच नाकारली जात. यंत्र ओरडत होते, पण त्याचा आवाज दाराबाहेर येत नव्हता!

त्यांनाही तारले ते योगायोगाने. सहा तासांपूर्वी चाचणीच्या कामासाठी कोणी हाताने एक छायाप्रत काढून ठेवली होती. तिच्यावरून साठा उभा केला. मधल्या काळातले सुमारे पाच हजार प्रकल्पांचे व तितक्याच टिप्पण्यांचे तपशील आणि सुमारे सातशे नव्या सभासदांची खाती कायमची गेली. या कंपनीचे एक मात्र कौतुक केले पाहिजे. तिने काही झाकले नाही. दुरुस्तीचे काम चालू असतानाच ते साऱ्या जगाला थेट दाखविले आणि मागाहून चूक कोठे झाली ते तपशिलाने लिहून प्रसिद्ध केले. त्या अभियंत्याचा बळी दिला नाही. म्हणूनच आज मला तुम्हांला ही हकीकत सांगता येते.

आता एक उलट उदाहरण घेऊ, म्हणजे चित्र एकांगी व्हावयाचे नाही. २०११ च्या फेब्रुवारीत, २७ तारखेला, जीमेलच्या काही लोकांनी आपली टपालपेटी उघडली, तो ती रिकामी! सुमारे ०.०२ टक्के लोकांवर हा प्रसंग आला. गूगलकडे प्रत्येक पत्राच्या अनेक प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवलेल्या असत. पण दोष प्रोग्रामाच्या सुधारणेत होता, आणि तो सगळ्या प्रतींना एकदमच बाधला. पाच भाऊ एकाच पंगतीत बसून तेच अन्न जेवले, तर पाचही आजारी पडावयाचे. तेव्हा कामी आल्या त्या चुंबकीय फिती. जाळ्यापासून अलग, कपाटात स्वस्थ पडून राहिलेल्या. त्यांवरून पत्रे परत आणावयास वेळ लागला, पण ती आली. ज्या फितींना आम्ही जुनाट म्हणून हसलो, त्यांनीच लाज राखली. कारण त्या वेगळ्या होत्या आणि वाचता येत होत्या.

आणि किल्लीचे महत्त्व ज्या दिवशी साऱ्या जगाला कळले, तो दिवस म्हणजे २०२४ च्या जुलैची १९ तारीख, शुक्रवार. क्राउडस्ट्राइक या संरक्षण-कंपनीने आपल्या प्रोग्रामासाठी एक लहानशी फाइल जगभर पाठविली. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते. फाइल सदोष होती. अवघ्या ७८ मिनिटांत ती मागे घेतली गेली. पण तेवढ्यात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून थांबले होते. सुरू करावे तो पुन्हा निळा पडदा. विमाने खोळंबली. हैदराबादसारख्या आपल्याकडील विमानतळावरही प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. त्या दिवशी नक्कल कोणालाच नको होती; साऱ्यांचा मजकूर आत सुरक्षित होता. हवी होती ती फक्त किल्ली. यंत्र बाहेरून उठवावयाचे, एक फाइल पुसावयाची, झाले. पण उठविणार कशाने? मायक्रोसॉफ्टने घाईघाईने पेन ड्राइव्हवर उतरविण्याचे एक दुरुस्ती-साधन दिले, आणि तंत्रज्ञ यंत्रायंत्रापाशी ते घेऊन फिरू लागले. त्यातही ज्या यंत्रांच्या डिस्कला सांकेतिक कुलूप होते, त्यांना ४८ आकड्यांचा परवलीचा अंक हवा होता. काही ठिकाणी तो अंक ज्या यंत्रात नोंदला होता, ते यंत्रही निळा पडदा दाखवीत बसले होते. किल्ली पेटीत राहण्याचे याहून चोख उदाहरण मला माहीत नाही.

त्याच वर्षाच्या जानेवारीत एक लहान प्रसंग घडला, तो या मोठ्या प्रसंगापुढे लोक विसरले. विंडोजच्या दुरुस्ती-विभागासाठी आलेली एक सुधारणा असंख्य संगणकांवर बसेना. कारण एवढेच की, कोपऱ्यातला तो लहान भाग पूर्वी फार तुटपुंजा आखला गेला होता. त्यात २५० मेगाबाइट मोकळी जागा नव्हती. पडद्यावर नुसता एक आकडी संकेत येई, आणि त्यावरून सामान्य माणसाला काही बोध होत नसे. तो भाग वाढवावयाचा तर आज्ञा टंकाव्या लागत. ‘हे यंत्र बोलते, पण बोबडे बोलते,’ असे एका स्नेह्याने म्हटले, ते मला पटले. तरीही बोबडे बोलणे गप्प राहण्याहून बरे.

नक्कल आहे पण उघडत नाही, हा अनुभव आपल्या मराठीलाही चांगलाच आहे. युनिकोड घरोघर रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या निरनिराळ्या व्यवस्थांच्या अक्षरवळणांत जुळविला जाई. प्रत्येक वळणाची सांकेतिक रचना वेगळी. कित्येकांनी आपले लेख, वडिलांच्या आठवणी, संस्थांचे अहवाल तसे जुळवून सीडीवर जपून ठेवले. आज सीडी उघडते, फाइलही उघडते, आणि समोर येतात चिन्हांचे अर्थहीन कडबोळे. ते अक्षरवळण आता त्या यंत्रावर नाही. रूपांतर करून देणारी साधने आहेत आणि त्यांनी पुष्कळ मजकूर वाचविता येतो. पण त्यासाठी आधी कोणी तरी ती सीडी उघडून पाहिली पाहिजे. मजकूर जपला आहे या समाधानात ती फडताळात पडून राहिली, तर बुरशी आपले काम करीतच असते.

या साऱ्या हकीकतींतून मला एकच गोष्ट दिसते. नक्कल काढणे हे अर्धे काम आहे. ती परत आणून पाहिली की मग ते पुरे होते. तोवर तिला नक्कल म्हणू नये, आशा म्हणावे. पिक्सारमध्ये नकला नव्हत्या असे नाही. गिटलॅबमध्ये तर पाच वाटा होत्या. कोणीही त्या वाटेने एकदाही परत चालून पाहिले नव्हते. आणि जे चालून पाहत नाहीत ते आळशी किंवा अडाणी असतात असेही नाही. यश मुकाट असते आणि अपयशही मुकाटच असते. दोन्ही बाहेरून सारखी दिसतात. त्यामुळे ‘तक्रार आली नाही, म्हणजे ठीक चालले आहे’ असे धरून चालणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणून तर मी आरंभी म्हटले की, डिस्क झाली नाही असे सांगणारे यंत्र आपले हितचिंतक आहे.

छायाचित्रकार पीटर क्रो यांनी २००५ मधील आपल्या ग्रंथात नकलांचा एक सोपा हिशेब रूढ केला : तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. हा हिशेब मला मान्य आहे. त्यात मी आमच्या वरिष्ठांचा जाच तेवढा मिळवीन : वर्षातून निदान दोनदा त्या प्रतीतले काही तरी परत आणून वाचावे. त्याच बैठकीत पेन ड्राइव्ह लावून संगणक त्यावरून उठतो का, तेही पाहावे. परवलीचा अंक कागदावर लिहून, संगणकाशी संबंध नसलेल्या जागी ठेवावा. सोन्याच्या पावत्या जेथे ठेवता तेथे ठेवला तरी चालेल. आणि किल्ली झाली नाही असे यंत्र म्हणाले, तर क्रमाने विचारावे : पेन ड्राइव्ह पुरेसा मोठा आहे का? दुसऱ्या पेन ड्राइव्हने होते का? विंडोजचा दुरुस्ती-विभाग चालू आहे का? मध्यंतरी कोणी डिस्क बदलली काय? बहुतेक वेळा या चार प्रश्नांत उत्तर सापडते.

सणाचे दिवस आहेत. घरी माणसे जमली आहेत, त्यांत एखादा यंत्राची जाण असलेला भाचा वा भाची असेलच. फराळ झाल्यावर त्यांना अर्धा तास धरून बसवा आणि म्हणा, “आजीच्या पंच्याहत्तरीचे छायाचित्र नकलेतून काढून दाखव पाहू.” निघाले तर सगळ्यांनी मिळून ते पाहावे. नाही निघाले, तर वाईट वाटून घेऊ नये. मूळ छायाचित्र अजून जागेवर आहे, तोवर पुष्कळ काही करता येते.